पाय उशिरा आला

मी तीस वर्षं कंडक्टर होतो. त्यातली पहिली चार वर्षं एकाच ड्रायव्हरच्या मागं उभं राहून काढली. त्यांच्याविषयी लिहायचं मी फार दिवस टाळत आलो. घरात कुणाला हे सगळं ठाऊक नाही. बायकोला थोडं ठाऊक आहे, पण तेही मी सांगितलं तेवढंच.

आमची गाडी औरंगाबादहून पिशोरला जायची. तेव्हा शहराचं नाव तेच होतं. सकाळी स्टँडवरून सुटायची, दौलताबाद, खुलदाबाद, वेरूळ, कन्नड करत दुपारच्या आत पिशोरला पोचायची. तिथं डबे खायचे, घटकाभर पाठ टेकायची आणि त्याच वाटेनं परत. मी नोकरीत नवा होतो, लग्न व्हायचं होतं, उस्मानपुऱ्यात एका खोलीत भाड्यानं राहायचो. ते पन्नाशी ओलांडलेले. पुंडलिकनगरात दोन खोल्या बांधून राहिलेले, मूळचे पिशोरच्याच बाजूचे शेतकरी. वाटणीची जमीन धाकटा भाऊ कसत होता. मी त्यांना मामा म्हणायचो आणि ते मला भाचे म्हणायचे. रक्ताचं नातं काही नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातातला डबा बघून विचारलं होतं, "कोण करून देतं रं?" मी म्हणालो, मीच करतो. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या डब्यात दोन भाकरी जास्तीच्या यायला लागल्या.

दौलताबादच्या घाटात रस्ता एका जुन्या दगडी दरवाज्यातून जातो. दोन्ही अंगांनी वीतभर जागा उरते. बाकीचे ड्रायव्हर तिथं वेग कमी करत, मान बाहेर काढून बघत. मामा एकदा गिअर बदलायचे आणि गाडी मधून काढायचे. नवीन प्रवासी खिडकीतले कोपर घाईनं आत ओढायचे. पहिल्या तीन वर्षांत एकदाही पत्र्याला दगड लागला नव्हता. जेव्हा लागला, तेव्हा आरसाच निखळून खाली पडला. गाडी थांबवून मी तो आरसा उचलून आणला तेव्हा ते एकटक स्टेअरिंगवरच्या आपल्या हातांकडं बघत होते.

पण ही सुरुवात नव्हती. सुरुवात गुंड्यांपासून झाली. कन्नडच्या स्टँडवर तोंड धुऊन ते खाकी शर्टाच्या गुंड्या लावत होते आणि लावतच राहिले. गुंडी काजापाशी जायची आणि सुटायची. मी चहाचे दोन कप घेऊन आलो, माझा कप संपला तरी त्यांची वरची गुंडी तशीच होती.

"शिंपी काजं बारीक करायला लागलेत," ते म्हणाले.

मी हसलो. तेही हसले. मग चहाचा कप त्यांच्या हातातून निसटला. गरम चहा मांडीवर सांडला, तरी कप पडल्याचं त्यांना आवाजानं कळलं.

नंतर चपलेचं झालं. पिशोरला पोचलं की बूट काढून ते चप्पल घालायचे. एकदा हॉटेलाकडं चालता चालता त्यांच्या उजव्या पायातली चप्पल मागं राहिली आणि ते आठ-दहा पावलं अनवाणी पायानं तसेच पुढं गेले. भर उन्हाची वेळ, डांबर पोळत होतं. मी चप्पल उचलून हाक मारली तेव्हा त्यांनी आधी माझ्या हाताकडं, मग पायाकडं पाहिलं.

"पडली व्हय? कळलंच नाय."

त्या दिवसापासून त्यांनी चप्पल घालणं सोडलं. पाठ टेकायची तीही बूट घालून. चालणंही बदललं होतं. चिखलातून चालल्यासारखे पाय ओढत, गुडघे न वाकवता चालायचे. केबिनमधून उतरताना दांड्याला दोन्ही हातांनी धरायचे.

मग गाडी थांब्याच्या पुढं जायला लागली. मी घंटी द्यायचो, गाडी थांबायची, पण वीस पावलं पुढं. एक म्हातारी बाई डोक्यावर गाठोडं घेऊन मागून चालत आली आणि चढता चढता म्हणाली, "डोळं फुटले का रं तुझे? का पिऊन बसलाय?"

तिच्या या बोलण्यानं माझ्या मनात आलं ते आलंच. खुलदाबादला गाडी उभी असताना मी काहीतरी विचारायच्या निमित्तानं केबिनमध्ये वाकलो, त्यांच्या तोंडाशी. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. वास कांद्याचा आणि तंबाखूचा होता, दुसरा कसलाच नव्हता.

"हुंगतोस व्हय रं?" ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "माझा थोरला भाऊ दारूनं मेला. मी त्या बाटलीला शिवलेलो नाय जन्मात. आन् तू हुंगतोस."

मी माफी मागितली. त्यांनी गाडी सुरू केली. पिशोरला प्रवासी उतरून गेले, मी पुढच्या सीटवर बसलो, तेव्हा ते पाठमोरे राहूनच बोलायला लागले.

"हात झोपल्यावाणी व्हतात. बोटांत मुंग्या. पाय जड झालेत, जसं कुणी पोतं बांधलंय. ब्रेकवर पाय ठेवला का नाय ते खाली बघितल्याबिगर कळत नाय कधी कधी. मी दाबतो, पर तो उशिरा जातो."

"दवाखान्यात दाखवा मामा."

"दाखवलं की गाडी जाईल."

"पण…"

"तीन वर्सं राहिलीत. हळू चालवतो. अंगात वारं भरलं असंल, जाईल. तू कुणाला बोलू नको." मग ते वळले. "शब्द दे."

मी शब्द दिला. आठ महिने पाळला.

ह्या आठ महिन्यांत मी काय केलं ते सांगितलं पाहिजे. मी घंटी आधी मारायला शिकलो. थांबा यायच्या बराच आधी दोरी ओढायचो, म्हणजे पाय उशिरा पोचला तरी गाडी बरोबर जागेवर उभी राहायची. वेरूळच्या उतारावर तिकिटं अर्धवट सोडून केबिनच्या जाळीपाशी जाऊन उभा राहायचो आणि बोलत राहायचो, "मामा, पुढं बैलगाडी हाय. मामा, वळण." त्यांना ते दिसत होतंच. नजर चांगली होती, अक्कल शाबूत होती. मी नजर द्यायला उभा नव्हतो. त्यांनी लवकर ठरवावं म्हणून उभा होतो. गाडीत पन्नास माणसं असायची, कधी साठ. कुणाच्या मांडीवर लेकरू असायचं. मी त्यांना तिकिटं द्यायचो आणि पुढं जाऊन जाळीपाशी उभा राहायचो. प्रवासी म्हणायचे, कंडक्टर कामाला चांगला आहे.

पिशोरच्या बाजाराचा दिवस होता. बाजार रस्त्यापर्यंत आलेला. गाडी माणसाच्या चालण्याच्या वेगानं सरकत होती. पुढं डाव्या हाताला एक कुंभारीण मडकी मांडून बसली होती. ती पाणी प्यायला उठली आणि तेवढ्यात तिच्यासमोरची एक म्हैस बिथरून रस्त्यावर आली. मी ओरडलो. मामांनी स्टेअरिंग डावीकडं घेतलं, म्हैस वाचली. गाडी मात्र थांबली नाही. थांबायला हवी होती त्या वेळी थांबली नाही. मडक्यांवरून चाक गेलं, आवाज झाला, आणि ती बाई जिथं बसलेली होती ती जागा चाकाखाली गेली. मग गाडी थांबली.

ती बाई चार हात अंतरावर तांब्या धरून उभी होती. तिला काही झालं नव्हतं. ती नुसती आपल्या बसायच्या गोणपाटाकडं बघत राहिली.

लोकांनी केबिनचं दार उघडलं. "उतर खाली! पिऊन चालवतो का?" मामा उतरले नाहीत. दोन्ही हात स्टेअरिंगवर, मान खाली, डोळे आपल्या उजव्या पायावर. "मी दाबला व्हता," ते म्हणत होते. "मी दाबला व्हता." कुणीतरी त्यांची कॉलर धरली.

मी मध्ये पडलो. मोठ्यानं म्हणालो, "ब्रेक फेल झाला! ब्रेक लागला नाय, त्यांचा काय दोष?"

त्यावर लोक थोडे शांत झाले. गावातल्या एका जाणत्या माणसानं मामांना बाजूला नेऊन पाणी पाजलं. कुंभारणीला मडक्यांची भरपाई मामांनी तिथंच दिली. मग कन्नडहून दुसरी गाडी येईपर्यंत आम्ही झाडाखाली बसून राहिलो. मामा एवढंच म्हणाले, "बरं बोललास."

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये मेकॅनिकनं गाडी तपासली. ब्रेकमध्ये काहीही बिघाड नव्हता. डेपोच्या साहेबांनी मला एकट्याला बोलावलं. समोर कागद होता, ब्रेक फेल झाल्याचा माझा कालचा जबाब.

"ब्रेक चांगले आहेत," साहेब म्हणाले. "मग तू काय लिहून दिलंस हे?"

मी उभा होतो. पंखा फिरत होता. मला वाटलं, म्हणावं की मला काय कळतं मशीनमधलं. पण डोळ्यांपुढं ते गोणपाट होतं.

"ब्रेक चांगलेच होते साहेब," मी म्हणालो. "पाय उशिरा आला."

एवढंच बोललो. मग साहेबांनी विचारलं आणि मी सांगत गेलो, गुंड्या, चप्पल, आरसा, सगळं. आठ महिने मात्र सांगितले नाहीत. "हल्ली हल्ली," असं म्हणालो.

मामांना त्याच दिवशी गाडीवरून उतरवलं आणि डॉक्टरी तपासणीला पाठवायचं ठरलं. ते कार्यालयातून बाहेर आले तेव्हा मी नळापाशी उभा होतो. ते माझ्याजवळून गेले. हाक मारली, तर थांबले नाहीत. पाय ओढत फाटकाबाहेर गेले आणि पुंडलिकनगरची वाट धरली.

चौथ्या दिवशी मामी माझ्या खोलीवर आल्या. त्या आधी कधी आल्या नव्हत्या. उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या, आत या म्हटलं तरी आल्या नाहीत.

"तुमी बोललात ना साहेबाला?"

"हो मामी."

"मंग आता तुमीच चला दवाखान्यात. मला तिथलं काय कळत नाय. आन् ते माझं ऐकत नायत."

पुढच्या सकाळी आम्ही तिघं सरकारी दवाखान्यात गेलो. मामा माझ्याशी बोलत नव्हते. रिक्षातून उतरताना मी हात पुढं केला तो त्यांनी धरला नाही. दांडा धरून उतरले, तोल गेला, मग माझा खांदा धरला आणि लगेच सोडला.

तिथं एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं मामांना हाताची मूठ भराभर उघडझाप करायला सांगितली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, तुम्हीही करा. मी सहज करत गेलो. मामांची बोटं चिकटल्यासारखी उघडत होती, एक एक करून, करंगळी सगळ्यात शेवटी. मी लाजून हळू केलं. मग तिनं त्यांना टेबलाच्या कडेला पाय लोंबते ठेवून बसवलं आणि गुडघ्याखाली रबरी हातोडीनं हलकेच ठोकलं. पाय असा उडाला की ती मागं सरकली.

मामांचा चेहरा खुलला. चार दिवसांत पहिल्यांदा. "बघा," ते म्हणाले, "ताकद हाय का नाय? हा पाय कमजोर म्हणता व्हय?"

"काका, ताकद आहे," ती म्हणाली. "पण एवढा उडणं चांगलं नाही."

तिनं तळपायावर किल्लीनं रेघ ओढली. अंगठा वर गेला. तिनं मधल्या बोटाचं नख टिचकवलं, तर हाताचा अंगठा आत वळला. तिनं हे सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, "कधीपासून होतंय?"

"दोन-तीन म्हैने," मामा म्हणाले.

"आठ-नऊ महिने झाले," मी म्हणालो. "जास्तच."

मामींनी माझ्याकडं बघितलं. मी तिकडं बघितलं नाही.

त्या वेळी शहरात मानेचा फोटो काढायची मोठी मशीन नवीनच आली होती. मामांना त्या नळीत अर्धा तास निजवलं. दोन दिवसांनी फोटो घेऊन परत गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तो खिडकीला धरला. मानेच्या मणक्यांमधून एक पांढुरका पट्टा खाली येत होता आणि मध्ये एका जागी तो चिमटीत धरल्यासारखा बारीक झाला होता.

"हा मज्जारज्जू," तिनं दाखवलं. "जाडी करंगळीएवढी. मेंदूपासून निघतो आणि पाठीच्या मणक्यांच्या पोकळीतून कमरेपर्यंत येतो. वय झालं की मणक्यांना हाड वाढतं, मधल्या गाद्या दबतात. तुमच्या मानेत ते इथं त्याला दाबतंय."

"पायात तर दुखत नाय," मामा म्हणाले, "पाय जड हाय नुसता. मान तर कवा कवाच धरते. मानेचा काय संबंध?"

तिनं केसपेपर उलटा केला आणि मागच्या बाजूला माणसाचं डोकं आणि पाठ काढली. "काका, तुम्ही ठरवता की पाय हलवायचा. तो हुकूम इथून निघतो, मेंदूच्या वरच्या भागातून. डोक्याच्या खाली आला की बाजू बदलतो. उजव्या पायाचा हुकूम डाव्या मेंदूतून येतो. मग या मज्जारज्जूतून खाली जातो, पार पाठीच्या खालच्या भागापर्यंत. तिथं दुसरी नस तो घेते आणि मांडीच्या, पोटरीच्या स्नायूंना देते. म्हणजे पायाला जाणारा प्रत्येक हुकूम मानेतूनच जातो. हाताचाही. दुसरा रस्ता नाही."

"आन् तो हातोडीनं उडाला तो?"

"तो तुमच्या मेंदूनं उडवला नाही. गुडघ्यावर ठोकलं की तेवढं काम मज्जारज्जू खालच्या खालीच करतो, वर विचारत नाही. एरवी वरून त्याला आवर असतो, म्हणून थोडासाच हलतो. तुमच्यात वरचा आवर खाली पोचत नाही. म्हणून एवढा उडाला."

मामा बराच वेळ त्या चित्राकडं बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "मॅडम, एक सांगा. त्या दिवशी बाजारात मी ब्रेक दाबला व्हता. देवाशपथ. सगळे म्हणतात दाबला नाय. मी दाबला व्हता का नाय?"

"तुम्ही दाबायचं ठरवलं. तुमच्या मेंदूनं तसं सांगितलंही. ते खरं आहे. पायापर्यंत ते पोचायला उशीर झाला, आणि पोचलं ते पूर्ण पोचलं नाही."

मामांनी तोंड भिंतीकडं केलं. त्यांचे खांदे हलायला लागले. मामींनी पदर तोंडाला लावला. "ऐकलंस का," ते भिंतीकडं तोंड करूनच म्हणाले, आणि मला कळलं की ते माझ्याशी बोलतायत. "मी दाबला व्हता."

मी हो म्हणालो. साहेबांपुढं मी तीन शब्दांत जे बोललो होतो ते खोटं नव्हतं. पण ते ऐकणाऱ्या प्रत्येकाला वाटलं होतं की माणूस हलगर्जी आहे. मलाही, मी सांगितलं तेव्हा, पाय उशिरा का येतो ते माहीत नव्हतं.

डोळे पुसून मामा म्हणाले, "म्हंजी पाइप दबला म्हणा. मोकळा केला की झालं."

"पाइप बदलता येतो काका. हे बदलता येत नाही. यातलं जे मेलं ते परत उगवत नाही. ऑपरेशन केलं तर दाब निघेल, अजून बिघडायचं थांबेल. जे दबलंय पण जिवंत आहे ते सावरेल, थोडं की जास्त, ते आज सांगता यायचं नाही." मग तिनं केसपेपर सरळ केला. "सहा-सात महिने आधी आला असतात तर मी जास्त खात्रीनं बोलले असते."

ती हे कुणाला टोचायला बोलली नव्हती. पण मी तेव्हापासून आजपर्यंत हे वाक्य विसरलेलो नाही.

मामा ऑपरेशनला तयार झाले नाहीत. मानेवर सुरी म्हटल्यावर भाऊ गावाहून आला आणि त्यांना घेऊन गेला. गावाकडं एक मान-पाठ चोळून देणारा माणूस होता, त्याच्या हाताला गुण आहे असं भाऊ म्हणायचा. मी मामींना म्हणालो, डॉक्टरांनी मान वळवायची नाही असं सांगितलंय. मामी म्हणाल्या, "तुमी सांगा त्यांना." मी सांगायला गेलो नाही. मला वाटलं, मी काही बोललो तर ते मुद्दाम उलट करतील. खरं म्हणजे मला त्यांच्यासमोर जायची हिंमत नव्हती.

तिसऱ्यांदा त्या माणसानं मान झटक्यानं वळवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा न्हाणीत बसले ते उठू शकले नाहीत. उजवा हात छातीपर्यंतही येईना. भावानं जीपमध्ये घालून त्यांना शहरात आणलं, आणि त्या आठवड्यात ऑपरेशन झालं.

मी रोज ड्यूटी संपली की दवाखान्यात जायचो. गळ्यात कडक पट्टा, छताकडं डोळे. पहिले काही दिवस ते डोळे मिटून घ्यायचे. मग एक दिवस मी आलो तेव्हा त्यांची बोटं चादरीवर हलत होती. मामी म्हणाल्या, "सकाळपासून तेच चाललंय." ते हाताकडं बघून पुटपुटत होते, "चल. मिट. आता उघड." एखाद्या वेळी बोट ऐकायचं, एखाद्या वेळी नाही. ऐकलं की ते माझ्याकडं बघायचे. आम्ही परत बोलायला लागलो ते अशानं.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईनं ताटात तुरीचे दाणे ओतून एक एक उचलायला सांगितलं होतं. घरी आल्यावर मामी रोज समोर ताट ठेवायच्या. दाणा उचलताना त्यांच्या कपाळावर घाम यायचा. मी एकदा तिथं असताना त्यांनी दाणा उचलून वाटीत टाकला आणि म्हणाले, "इतकी वर्सं हे सगळं आपोआप व्हत व्हतं रं. मी कवा सांगत नव्हतो हाताला. आता एकेक गोष्ट सांगावी लागते."

मग ताटातले दाणे बोटानं एका बाजूला करत, ते म्हणाले, "तू साहेबाला सांगितलंस ते बरोबर केलंस. ती बाई मेली असती तर मी जगलो नसतो."

त्यांनी वाटी पुढं सरकवली.

"पर आधी मला सांगायचं व्हतंस. म्हणायचं व्हतंस, मामा, मी सांगणार हाय. मीच गेलो असतो मंग साहेबाकडं. माझ्या पायानं गेलो असतो."

हात चांगले सुधारले. गुंड्या लागायला लागल्या, वरची सोडून. पाय मात्र ताठच राहिले. ते काठी घेऊन चालायचे आणि जिन्यावर भिंत धरायचे. गाडी त्यांना परत मिळाली नाही. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसवलं, गाड्या पुकारायला. आवाज शाबूत होता. मी सकाळी नव्या ड्रायव्हरबरोबर फलाटावर गाडी लावायचो आणि कर्ण्यातून त्यांचा आवाज यायचा, कन्नडमार्गे पिशोर. त्यात ना राग असायचा ना माया. इतर गाड्यांसारखीच तीही पुकारायचे. पहिले कित्येक दिवस तो आवाज ऐकला की मी खाली बघायचो.

दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. माझं लग्न झालं, बदल्या झाल्या. वर्षातून दोनदा तरी पुंडलिकनगरला जायचो. शेवटी गेलो तेव्हा ते फार थकले होते. हातही पुन्हा जड झाले होते. मामी भात कालवून समोर ठेवत आणि बाजूला सरत. ते कुणाला भरवू देत नसत. घास उचलायचा, तो ताटापासून तोंडापर्यंत यायला वेळ लागायचा, वाटेत थोडा सांडायचा, मग परत.

मी त्या दिवशी ठरवूनच गेलो होतो. इतक्या वर्षांत मी कधी स्वतःहून त्या महिन्यांविषयी बोललो नव्हतो. दवाखान्यात "आठ-नऊ महिने" म्हणालो होतो ते वेगळं. त्या महिन्यांत मी घंटी आधी मारत होतो, म्हणून कुणाला काही कळलं नाही, म्हणून ते दवाखान्यात गेले नाहीत, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

"मामा," मी म्हणालो, "तेव्हा ते आठ महिने… मी घंटी…"

त्यांनी घास हातात धरून माझ्याकडं बघितलं. त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, ते मला त्या बघण्यावरून कळलं नाही.

"जेऊ दे आधी," ते म्हणाले.

मी बसून राहिलो. माझ्या परतीच्या गाडीची वेळ गेली. ताट संपायला बराच वेळ लागला. मामींनी हात धुऊन दिले. मग त्यांनी विचारलं, वेरूळच्या घाटाचं रुंदीकरण कुठपर्यंत आलं. मी सांगितलं, अर्धं झालं. ते म्हणाले, "उताराला जागा ठेवा म्हणावं." आणि पडून डोळे मिटले.

चार महिन्यांनी ते गेले. मी त्या बोलण्याला पुन्हा तोंड फोडलं नाही.